शेजारच्या सीटवरचा ब्रेक

माझ्या ताईने एकतीस वर्षांत तीन हजारांहून जास्त माणसांना गाडी शिकवली. त्यांत वकील आहेत, सुईणी आहेत, जादूचे प्रयोग करणारे एक गृहस्थ आहेत, आणि पहिल्या दिवशी शिकायला म्हणून येऊन सवयीने मागच्या सीटवर जाऊन बसलेल्या एक बाई आहेत. सगळ्यांना गाडी आली. एकट्या मला आली नाही, आणि मी तिचा सख्खा धाकटा भाऊ आहे.

याचा दोष मी कायम तिलाच देत आलो. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. ताईचा पाय त्या ब्रेकवर इतका हलका पडायचा, की गाडी आपणच थांबवली असं शिकणाऱ्याला वाटावं. मी दीड महिना तिच्या शेजारी बसून गाडी चालवली आणि झकास चालवली. परीक्षेच्या दिवशी मात्र शेजारी ताई नव्हती, परीक्षक होता. कार्यालयाच्या फाटकाशी वळताना समोर फुलझाडांचा वाफा आला, आणि मी ब्रेक लागायची वाट बघत बसलो. ब्रेक लागलाच नाही. गाडी वाफ्यात शिरली. परीक्षक खाली उतरला, त्याने माझा अर्ज घडी घालून खिशात ठेवला आणि चालत आत गेला. त्यानंतर मी स्टीअरिंगला हात लावला नाही. या गोष्टीला बावीस वर्षं झाली.

माझं बूट-चपला दुरुस्तीचं दुकान आहे. माणसाचं तोंड काहीही सांगो, तळ खोटं बोलत नाही. ताईचा डावा बूट वर्षानुवर्षं जसाच्या तसा असतो आणि उजवा चवड्याखाली रुपयाएवढ्या जागेत झिजून पार पातळ होतो. तीन हजार माणसांच्या चुका तेवढ्याशा जागेत दाबल्या गेल्या आहेत. उजव्याला मी वर्षातून दोनदा नवा तळ लावतो, आणि जोडी बरोबर दिसावी म्हणून डाव्यालाही उगाच एकदा लावतो.

ताई दिसायला किरकोळ आहे. ताठ बसते, मांडीवर पर्स ठेवते आणि आवाज कधी चढवत नाही. तिची शिकवणी तीन वाक्यांत संपते. ‘आरसा बघ.’ ‘समोर बघ.’ ‘घाई कोणाला आहे?’ ट्रक अंगावर येत असतानाही ती हे अशा सुरात म्हणते, की जणू चहात साखर किती ते विचारते आहे. सवय मात्र तिला घरीही सोडत नाही. भावजींनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं की टेबलाखाली तिचा उजवा पाय दबतो. हे मला भावजींनीच दाखवलं. ‘बघ हं आता,’ म्हणाले आणि डाव उचलला.

तर झालं असं. माझी दाढ दुखत होती म्हणून मी दातांच्या डॉक्टरकडे गेलो. हा डॉक्टर ताईचाच विद्यार्थी. चाळिशीचा आहे, पण मला काका म्हणतो. माझ्या तोंडात त्याने कापूस कोंबला, वर ती पाणी ओढणारी नळी अडकवली आणि निवांतपणे गप्पा सुरू केल्या. त्याचा गाडीवाल्या हौशी लोकांचा एक क्लब आहे. वर्षातून एकदा ते ऑटोक्रॉस भरवतात. म्हणजे मोकळ्या मैदानात रस्त्याच्या कामाला लावतात ते नारिंगी कोन मांडून वळणावळणाची वाट आखायची, आणि एकेका गाडीने घड्याळ लावून ती पार करायची.

‘बाईंना आणा ना या वर्षी,’ तो म्हणाला. ‘पण काका, खरं सांगू? मी बाईंना गाडी चालवताना कधीच पाहिलं नाही. आम्ही सगळे विद्यार्थी हसायचो. ब्रेक मारतात झकास, पण गाडी येते ना त्यांना?’

मला संताप आला. पण तोंडात कापूस असताना माणसाने संतापून करावं तरी काय? मी ‘आँ आँ’ केलं. त्याला वाटलं दुखतंय, म्हणून त्याने आणखी एक इंजेक्शन दिलं.

सुजलेलं तोंड घेऊन मी तडक ताईकडे गेलो आणि सगळं शब्दन् शब्द सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही, हा माझा जुना दोष आहे. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. हातातल्या टॉवेलाची तिने दोनदा घडी घातली, ती उलगडली आणि पुन्हा घातली.

‘खरं आहे त्याचं,’ ती म्हणाली. ‘सकाळचा पहिला विद्यार्थी मला घरून घेऊन जातो, शेवटचा आणून सोडतो. मी स्वतः चालवून दहा वर्षं तरी झाली असतील. मला आता फक्त ब्रेक मारता येतो बारक्या.’

मी चौपन्न वर्षांचा आहे आणि ती मला अजून बारक्या म्हणते. पण त्या दिवशी त्या शब्दावर मला हसू आलं नाही. कारण पुढच्या महिन्यात तिची नोकरी संपणार होती. तिच्या ड्रायव्हिंग शाळेचे मालक तिला शिकवण्याची तीच जुनी गाडी निरोपाची भेट म्हणून देणार होते. भावजींनी तर भिंतीवर नकाशा चिकटवून ठेवला होता. दोघांनी गाडीने कुठे कुठे जायचं त्या गावांना पेन्सिलने गोल केले होते. भावजींना गाडी येत नाही. म्हणजे नकाशावरचे ते सगळे गोल ताईच्या भरवशावर होते, आणि ताईला स्वतःचाच भरवसा उरला नव्हता.

दोन दिवसांनी तिने डॉक्टरला फोन करून नाव नोंदवलं. मला म्हणाली, ‘तिथे जमलं तर गाडी घरी आणते. नाही जमलं तर मालकांना सांगते, शाळेतच राहू द्या. घरी नुसती उभी ठेवून काय करू?’

‘आणि भावजींचा नकाशा?’

‘त्यांना मी सांगेन काय ते. तू मध्ये पडू नकोस. तू फक्त माझ्या शेजारी बस.’

‘मी? मी कशाला?’

‘शेजारी कोणी नसलं की मला गाडी रिकामी वाटते,’ ती म्हणाली. ‘आणि ही आग तूच लावलीस.’

मी त्या आठवड्यात तिच्या उजव्या बुटाला अगदी पातळ तळ लावून दिला, पेडल नीट जाणवावं म्हणून. माझ्या हातून होण्यासारखं एवढंच होतं.

स्पर्धा बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारात होती. एकतीस गाड्या आल्या होत्या. कोणाची खाली बसकी, कोणाच्या बॉनेटवर पट्टे, आणि मालक सगळे आपापल्या चाकांना लाथ मारून बघत हिंडत होते. चाकाला लाथ मारून काय कळतं, हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. त्यात आमची गाडी आली, ताईच्या त्या दिवशीच्या पहिल्या विद्यार्थ्याने चालवत आणलेली. तिच्या टपावर अजून शाळेची पाटी होती आणि मागच्या काचेवर ‘नवशिका चालक, अंतर ठेवा’ असं लिहिलेलं होतं. लोकांनी भरपूर अंतर ठेवलं.

तपासनिसाने पाटी उतरवायला लावली. गाडीत सुटं काही नको म्हणाला. मग ताईने एकेक वस्तू काढून बाहेरच्या कठड्यावर ठेवली. बुटक्या विद्यार्थ्यांसाठीची उशी, घाम पुसायचा टॉवेल, रडणाऱ्यांसाठी कागदी रुमालांचा खोका, स्वतःची पर्स. शेवटी तपासनिसाने आत वाकून बघितलं आणि विचारलं, ‘हा दुसरा ब्रेक कशाला?’

‘माझं पोट त्याच्यावर आहे,’ ताई म्हणाली.

त्याने नियमांचं पुस्तक चाळलं. दुसऱ्या ब्रेकबद्दल त्यात काहीच नव्हतं. त्याने खांदे उडवले आणि दारावर सत्तावीस नंबर चिकटवला.

नियम सोपे होते. प्रत्येकाला तीन फेऱ्या, त्यांतली सर्वांत चांगली धरायची. कोन पाडला की दोन सेकंद वाढतात. वाट चुकली की फेरी बाद. आधी सगळ्यांनी वाट पायी चालून बघायची असते. बाकीचे एकदा चालले, ताई तीनदा चालली. एक कोन तिरका होता, तो तिने सरळ केला. वळणाशी आली की स्वतःशीच पुटपुटायची, ‘आरसा बघ. समोर बघ.’

मग आम्ही हेल्मेट घालून बसलो. माझ्या हेल्मेटला दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्याचा वास येत होता. ताई म्हणाली, ‘पाय मागे घेऊन बस.’ मी म्हटलं, ‘हो.’ झेंडेवाल्याने झेंडा खाली केला आणि गाडीने अशी उडी मारली की मला माझ्या दिवंगत आईची आठवण झाली.

पहिलं वळण कसंबसं गेलं. पुढे सहा कोन एका ओळीत होते, त्यांच्यामधून नागमोडी जायचं होतं. पहिला कोन थेट माझ्या अंगावर आला. गाडीला झटका बसला आणि वेग मेला. ताईने पुन्हा वेग घेतला. पुन्हा झटका. असं चारदा झालं. शेवटी आम्ही रेषा ओलांडली तेव्हा पाटीवर आकडा लागला, एक मिनिट नऊ सेकंद. बाकीचे सगळे साठच्या आत-बाहेर होते.

ताईने गाडी बाजूला घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

‘बघितलंस?’ ती म्हणाली. ‘पाय माझं ऐकत नाही. चार वेळा ब्रेकवर गेला आणि मला कळलंसुद्धा नाही.’

मी हेल्मेटचा पट्टा सोडवत बसलो. आता सांगून टाकतो. तिचा पाय कुठेही गेला नव्हता. चारही वेळा ब्रेक मी दाबला होता. पाय कधी पुढे गेला मला समजलंच नाही. समोर कोन आला की दबला, बस. बावीस वर्षांपूर्वी त्या वाफ्यासमोर जो ब्रेक मारायचा राहिला होता, तो मी आता चार-चारदा मारत सुटलो होतो.

तिच्या ध्यानात कसं आलं नाही, असं कोणीही विचारेल. पण एकतीस वर्षांत त्या गाडीत शेजारच्या सीटवरून ब्रेक मारला तो फक्त तिनेच. दुसरं कोणी तो मारेल, हा विचारच तिच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. गाडीला ब्रेक लागला म्हणजे तो आपणच मारला, एवढंच तिला माहीत होतं.

मग मी तेव्हाच का नाही सांगितलं? लाज वाटली. एवढ्या लोकांत, हातभर उंचीच्या प्लॅस्टिकच्या कोनाला मी घाबरलो, हे तोंडातून निघेना. मनात म्हटलं, पुढच्या फेरीत पाय आवरून बसतो, ती चांगली चालवेल, प्रश्न मिटेल. इतका शहाणपणा मी एरवीही करत असतो.

दुसऱ्या फेरीत मी दोन्ही पाय सीटखाली असे दाबून धरले की पोटऱ्यांत गोळे आले. ब्रेकला मी शिवलोही नाही. पण आता ताईच घाबरली होती. ती परीक्षेला बसलेल्या माणसासारखी चालवू लागली. प्रत्येक कोनाला इंडिकेटर दिला. एका वळणाशी तर, समोरून कोणी येणं शक्य नसताना, थांबून दोन्ही बाजूंना बघितलं. कुंपणापलीकडे लोक हसले. एक मिनिट चौदा सेकंद.

या वेळी ताईने गाडी आमच्या सामानाच्या कठड्याशी लावली आणि खिडकीतून पर्स ओढून घेतली. पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि गाडीची दुसरी किल्ली त्यातून सोडवू लागली. ती कडी घट्ट होती. तिचं नख उलटलं तरी ती सोडवत राहिली.

‘काय करतेस?’

‘उद्या मालकांना देऊन टाकते. तिसरी फेरी नको. चल, पाटी लावायला मदत कर.’

माझ्या डोळ्यांसमोर भावजींचा नकाशा आला. ते आता खोडरबर घेऊन एकेक गोल पुसतील, आणि पुसताना म्हणतील, मला तरी कुठे एवढं फिरायचं होतं. तसेच आहेत ते. मला ते सहन होईना.

‘ताई, पहिल्या फेरीत ब्रेक मी मारला,’ मी म्हटलं.

ती किल्ली सोडवायची थांबली. ‘कुठला ब्रेक?’

‘तुझा. हा. शेजारचा.’

‘किती वेळा?’

‘चार.’

‘चारही?’

‘चारही. तुझा पाय एकदाही ब्रेकवर गेला नाही. मी घाबरलो होतो. सांगायला लाज वाटली.’

तिने जुडगा मांडीवर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आता ही आवाज चढवणार. मी मार खायच्या तयारीने मान खाली घातली.

‘गाढवा,’ ती हळूच म्हणाली. ‘परीक्षेला एक मारायचा होतास, तो मारला नाहीस. आणि आता चार?’

मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. हसता हसता तिने कठड्यावरचा कागदी रुमालांचा खोका खिडकीतून ओढला आणि डोळे पुसले. त्यात थोडं रडणंही असावं.

‘मी उतरतो,’ मी म्हटलं. ‘तू एकटी जा.’

‘बस गपचूप.’ ती गाडीतून उतरली आणि दातांच्या डॉक्टरकडे जाऊन पाना मागून आणला. माझं दार उघडलं, गुडघ्यावर बसली आणि माझ्या पायाशी वाकली. शेजारचा ब्रेक एका गजाने मुख्य ब्रेकला जोडलेला असतो, आणि तो गज एका बोल्टवर असतो. बोल्ट वर्षानुवर्षं हललेला नव्हता. तिने दोन्ही हातांनी पाना दाबला. डॉक्टर म्हणाला, ‘बाई, मी करू का?’ ती म्हणाली, ‘घाई कोणाला आहे?’ बोल्ट कुरकुरला आणि सुटला. तिने गज काढला, पेडल काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

‘धर.’

पेडलवरचं रबर गुळगुळीत झालेलं होतं. मधोमध रुपयाएवढा खळगा पडला होता. बुटाच्या तळाची ती जागा मी कितीदा हाताळली असेल, पण तिची ही दुसरी बाजू मी कधी बघितली नव्हती. तपासनिसाने येऊन मुख्य ब्रेक दाबून बघितला, हातातल्या कागदावर खूण केली आणि पेडल सुटं ठेवू नका म्हणाला. मी ते शर्टाच्या आत घातलं आणि वरून पट्टा आवळला.

तिसऱ्या फेरीबद्दल मला फार सांगता येणार नाही, कारण अर्धा वेळ माझे डोळे मिटलेले होते. पण जेवढं बघितलं तेवढं सांगतो. ताईची पाठ सीटला टेकलेली होती. तिने इंडिकेटर दिला नाही. सहा कोनांच्या ओळीत ती गाडी अशी घेऊन गेली, जशी बायका गर्दीतून भरलेली पिशवी कोणाला न लावता घेऊन जातात. ब्रेक तिने मारला, पण जिथे मारायचा तिथेच, आणि तोही इतका हलका की मला जुने दिवस आठवले. शेवटच्या वळणाला मागचं चाक सरकलं. मी ओरडलो. ती ओरडली नाही. एक कोन मागे लवंडला आणि आम्ही रेषेपलीकडे गेलो.

छप्पन्न सेकंद. पडलेल्या कोनाचे दोन धरून अठ्ठावन्न. एकतीस जणांत तिचा एकोणिसावा नंबर आला. डॉक्टरचा विसावा. तो जवळ येऊन म्हणाला, ‘बाई, येते तुम्हाला.’ मी म्हटलं, ‘आता माझ्या तोंडात कापूस नाही, आता विचार काय विचारायचं ते.’ त्याने हसत आपला पाना मागितला. ताईने गाडीची अर्धवट सुटलेली दुसरी किल्ली पुन्हा जुडग्यात सरकवली आणि भावजींना फोन लावला. ‘नकाशा राहू द्या भिंतीवर,’ एवढंच बोलली आणि ठेवला.

उन्हं उतरली. गाड्या एकेक करून निघाल्या. झेंडेवाला कोन गोळा करून एकात एक घालत होता. पाच-सात राहिले असतील, तेवढ्यात ताई त्याला म्हणाली, ‘दहा मिनिटं तेवढे राहू द्याल?’ आणि माझ्याकडे वळून, स्टीअरिंगकडे बोट करून म्हणाली, ‘बस.’

‘काहीतरीच काय?’

‘मैदान रिकामं आहे. फुलझाडं नाहीत. बस.’

‘ताई, तुझा ब्रेक माझ्याकडे आहे.’ मी शर्टातून पेडल काढून दाखवलं. ‘आधी हा बसव.’

‘तुझ्या पायाखाली आहे की एक,’ ती म्हणाली.

मी बसलो. बावीस वर्षांनी बसलो, आणि किल्ली तिसऱ्या खेपेला लागली. पहिल्या गिअरमध्ये गाडी पुढे सरकली. एक कोन आला, मी वळलो. दुसरा आला, वळलो. तिसऱ्याला मी हळूच तिच्याकडे बघितलं. मांडीवर पर्स होती, पाठ ताठ होती, चेहऱ्यावर काही नव्हतं. फक्त तिचा उजवा पाय पुढे गेला होता, आणि जिथे आता काहीच नव्हतं त्या जागी, मी लावलेला पातळ तळ तिने सगळ्या जोराने गाडीच्या पत्र्यावर दाबून धरला होता.

‘समोर बघ,’ ती म्हणाली.

समोर कोन होता, अगदी जवळ. मी ब्रेक मारला. गाडी थांबली. या वेळी तो नक्की मीच मारला होता.